इंजिनातली साखळी लांबते कशी?

सायकलची चेन सैल होऊन वारंवार उतरू लागली की 'चेन ताणली गेली' असे आपण सहज म्हणून जातो. सायकल दुरुस्तीवाला मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक थोडे मागे ओढतो आणि नट पुन्हा आवळतो. चाक आणखी मागे सरकेनासे झाले की चेनची एक कडी काढून टाकतो. चेन पुन्हा घट्ट दिसते आणि काम झाले असे सर्वांनाच वाटते.

अशीच एक साखळी मोटारसायकलच्या आणि अनेक मोटारींच्या इंजिनातही असते. तिला टायमिंग चेन म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही, तेलात बुडालेल्या बंद जागेत फिरते, आणि इंजिनाइतकेच तिचे आयुष्य असावे अशी अपेक्षा असते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विशेषतः ताकदवान, वेगवान मोटारींमध्ये ही साखळी अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होऊ लागल्याचे अनुभव जगभर आले. वेगवान विदेशी मोटारी भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या रस्त्यांवर क्वचितच दिसतील. पण त्यांच्या इंजिनात जे घडते तेच, सावकाश का होईना, गावातल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलमध्ये आणि शाळेच्या सायकल स्टँडवरही घडत असते. म्हणून आपण सुरुवात सायकलपासूनच करू.

साखळी खरोखर ताणली जाते का?

पोलादाची पट्टी ओढली तर ती थोडीशी लांबते आणि सोडली की पूर्ववत होते. कायमची लांबण्यासाठी ताण एका मर्यादेपलीकडे जावा लागतो. सायकलच्या चेनवर एवढा ताण येतो का, याचा हिशोब नववी-दहावीचे विद्यार्थी करू शकतील.

समजा, ६० किलो वस्तुमानाचा मुलगा संपूर्ण भार एका पेडलवर टाकून उभा राहिला. म्हणजे पेडलवर सुमारे ६०० न्यूटन बल आले. पेडलच्या दांड्याची लांबी १७० मिलिमीटर आणि ४४ दात्यांच्या पुढच्या चक्राची त्रिज्या सुमारे ८९ मिलिमीटर आहे. तरफेच्या नियमाने चेनवरचा ताण ६०० × १७० ÷ ८९, म्हणजे सुमारे ११५० न्यूटन येतो. सायकलच्या चांगल्या चेनने तुटण्यापूर्वी किमान ८००० न्यूटन ताण सहन करावा अशी अपेक्षा असते. म्हणजे आपण घालतो तो ताण याच्या सुमारे एक-सप्तमांश आहे. एवढ्या ताणाने कड्यांच्या पट्ट्या कायमच्या लांबणार नाहीत.

मग जुनी चेन नव्या चेनपेक्षा लांब कशी भरते? याचे उत्तर पट्ट्यांत नाही, सांध्यांत आहे. साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन असते. तिच्याभोवती बुश नावाची बारीक नळी आणि बुशभोवती रोलर असतो. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि आजही तीच रचना वापरात आहे. साखळी चक्रावर चढताना कडी वाकते, उतरताना सरळ होते. प्रत्येक वेळी पिन बुशमध्ये थोडीशी घासते. पिन बारीक होते, बुशचे भोक मोठे होते आणि सांध्यात फट पडते. ताण आला की ही फट उघडते. एका सांध्यातली फट नगण्य असते, पण शंभर-सव्वाशे सांध्यांतल्या फटींची बेरीज नगण्य राहत नाही. थोडक्यात, साखळी ताणली जात नाही, झिजते. लांबी वाढणे हा त्या झिजेचा केवळ परिणाम आहे.

हा फरक शब्दांपुरता नाही. 'ताणली' म्हटले की 'घट्ट करा' हा उपाय सुचतो. 'झिजली' म्हटले की 'का झिजली?' हा प्रश्न पडतो.

झडपांचे वेळापत्रक

आता इंजिनाकडे वळू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो आणि क्रँकशाफ्ट फिरवतो. हवा आत घेण्याची आणि धूर बाहेर सोडण्याची झडप ठरावीक क्षणीच उघडली आणि मिटली पाहिजे. हे काम कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो. म्हणून कॅमशाफ्टच्या चक्राला क्रँकशाफ्टच्या चक्रापेक्षा दुप्पट दाते असतात आणि दोन्ही चक्रांना टायमिंग चेन जोडते.

हीच जोडणी दातेरी पट्ट्याने किंवा गिअरनेही करता येते. बहुतेक ट्रॅक्टरांच्या आणि मोठ्या ट्रकांच्या डिझेल इंजिनांत गिअर असतात, म्हणून त्यांना हा विकार होत नाही. परंतु कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर असला की अंतर वाढते. तेथपर्यंत गिअरची माळ नेली तर वजन, आवाज आणि खर्च तिन्ही वाढतात. रबरी पट्टा हलका आणि शांत असतो, पण ठरावीक काळाने तो बदलावाच लागतो. म्हणून अनेक उत्पादकांनी साखळीच पसंत केली. भारतात १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी-१०० मध्ये आणि १९९४ च्या स्प्लेंडरमध्येही टायमिंग चेन आहे. डिझेलच्या स्विफ्टमध्ये वापरले गेलेले आणि पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही तयार झालेले १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिनही साखळीचेच.

साखळी सैल झाली तर ती फडफडू नये म्हणून दोन सोयी असतात. एक म्हणजे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक पट्टे, म्हणजे गाइड. दुसरी म्हणजे टेन्शनर. मोटारींत तो बहुधा इंजिनातल्या तेलाच्या दाबावर चालतो आणि साखळीच्या सैल बाजूला दाबून धरतो.

बेचाळीस किलोमीटर घासणे

पिन बुशमध्ये एकूण किती घासली जाते? सोपे आकडे घेऊन पाहू. क्रँकशाफ्टच्या चक्राला २० दाते, कॅमशाफ्टच्या चक्राला ४० दाते आणि साखळीत १२० सांधे आहेत असे मानू. दोन सांध्यांतले अंतर ८ मिलिमीटर आणि पिनची त्रिज्या दीड मिलिमीटर धरू.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्टचे सेकंदाला ५० फेरे होतात. म्हणजे सेकंदाला ५० × २० = १००० सांधे चक्रावरून जातात. साखळीत १२० सांधे असल्याने प्रत्येक सांधा सेकंदाला ८ हून थोड्या अधिक फेऱ्या मारतो. दर फेरीत तो लहान चक्रावर चढताना १८ अंश वाकतो (३६० ÷ २०), उतरताना तितकाच सरळ होतो. मोठ्या चक्रावर ९ अंश वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. एकूण ५४ अंश. दीड मिलिमीटर त्रिज्येवर हे अंतर सुमारे १.४ मिलिमीटर भरते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १२ मिलिमीटर, तासाला ४२ मीटर आणि हजार तासांत ४२ किलोमीटर! ताशी सरासरी ५० किलोमीटर धरले तर मोटारीने ५०,००० किलोमीटर अंतर कापेपर्यंत प्रत्येक पिन आपल्या बुशमध्ये ४२ किलोमीटर घासली गेलेली असते. भंडाऱ्याहून निघून नागपूरकडे जाताना अर्ध्याहून बराच रस्ता पार व्हावा, एवढे हे अंतर आहे.

एवढे घासूनही प्रत्येक सांध्यात एक मिलिमीटरच्या काही शतांशांपेक्षा जास्त झीज होऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. ती पूर्ण होते दोन गोष्टींमुळे : पिनचे पोलाद आणि सांध्यातले तेल.

पोलादाबद्दल भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वरठी येथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सनफ्लॅग कंपनीच्या कारखान्यात वाहनांच्या भागांसाठी लागणारे मिश्रपोलाद तयार होते. गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकांचे गिअरबॉक्स बनतात. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज हा पोलादाचा महत्त्वाचा घटक आहे. तो पोलादातल्या गंधकाला बांधून ठेवतो, त्यामुळे पोलाद तापवून घडवताना तडकत नाही. शिवाय कठीण करण्याच्या प्रक्रियेला त्याची मदत होते. लोहार विळ्याला 'पाणी देतो' ते तत्त्व आपल्याला ठाऊक आहे : लाल तापलेले पोलाद एकदम थंड केले की कठीण होते. पिनच्या बाबतीत आधी पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि मग हे करतात. त्यामुळे बाहेरचा थर कठीण आणि गाभा चिवट राहतो. अनेक टायमिंग चेनच्या पिनांवर यावर आणखी क्रोमियमचा कार्बाइडयुक्त, अतिशय कठीण थर देतात.

तेलात काय मिसळते?

मग अशी साखळी लवकर का झिजते? येथे सायकलची आणि इंजिनाची साखळी यांत फरक करावा लागेल. सायकलची चेन उघडी असते. पावसाळ्यात शेतवाटेचा चिखल आणि उन्हाळ्यात धूळ तिच्यावर बसते. वैनगंगेच्या वाळूतला क्वार्ट्झ खनिजांच्या कठिणतेच्या दहा अंकी मापनश्रेणीवर ७ वर येतो. साध्या पोलादापेक्षा तो कठीण असतो. तेलात मिसळलेली अशी बारीक वाळू म्हणजे पॉलिश पेपरचेच काम करते.

टायमिंग चेनपर्यंत बाहेरची धूळ सहसा पोहोचत नाही. एअर फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसवलेला असेल तरच ती पोहोचते. तेथे घासणारा पदार्थ इंजिनातच जन्माला येतो. तो म्हणजे काजळी. डिझेल इंजिनात आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या आधुनिक इंजिनात इंधन आणि हवा यांना नीट मिसळायला वेळ कमी मिळतो. जेथे इंधन जास्त तेथे काजळी बनते आणि तिचा काही भाग तेलात उतरतो. शिवाय न जळलेले पेट्रोलही तेलात मिसळून ते पातळ होते.

पिन बुशमध्ये सलग फिरत नाही, मागेपुढे डुलते. दिशा बदलताना दर वेळी तिची गती शून्य होते, त्यामुळे तेलाचा जाड थर टिकत नाही. अशा जागी धातू वाचवण्याचे काम तेलात मिसळलेली जस्त आणि फॉस्फरस यांची संयुगे करतात. ती पृष्ठभागावर अगदी पातळ संरक्षक पापुद्रा तयार करतात. काजळीचे कण हाच पापुद्रा खरवडून काढतात. पापुद्रा पुन्हा बनतो, पुन्हा खरवडला जातो, आणि तेलातली ही संयुगे हळूहळू संपत जातात. म्हणूनच तेल 'संपले नाही' तरी 'जुने' होते. डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसते. पण तेलाची संरक्षक शक्ती पातळीत दिसत नाही.

वेगवान मोटारींत हे सर्व एकाच वेळी घडते. फेरे जास्त, म्हणून घासणे जास्त. साखळीचा वेग दुप्पट झाला की केंद्रोत्सारी परिणामामुळे येणारा तिच्यातला ताण चौपट होतो. जास्त फेऱ्यांना झडप वेळेवर मिटावी म्हणून स्प्रिंग अधिक ताठ घालतात, त्यामुळे साखळीला बसणारे हिसके वाढतात. टर्बोचार्जरच्या उष्णतेने तेल लवकर खराब होते आणि प्लॅस्टिकचे गाइड ठिसूळ होतात.

त्यात मानवी निर्णयांची भर पडली. २००० सालाच्या आसपास काही युरोपीय उत्पादकांनी विशेष तेल वापरून ३०,००० किलोमीटरपर्यंत तेल न बदलण्याची मुभा दिली. काही इंजिनांत साखळी पुढच्या बाजूऐवजी मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला नेली गेली. २००३ पासून विकल्या गेलेल्या ऑडी एस-४ चे ४.२ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि २००७ मध्ये आलेले बीएमडब्ल्यूचे एन-४७ हे डिझेल इंजिन ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. साखळी व गाइड यांच्या तक्रारी दोन्हींबाबत आल्या. ऑडीत ही दुरुस्ती करण्यासाठी संपूर्ण इंजिन मोटारीतून उतरवावे लागते. अमेरिकेत जनरल मोटर्सने ३.६ लिटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांबाबत २०१० नंतर एक बोलका उपाय केला : 'तेल बदला' अशी सूचना देणाऱ्या संगणकातला हिशोब बदलून ती सूचना लवकर दिसेल असे केले. साखळीच्या झिजेवर पहिला उपाय तेलात आहे, याची ही कबुलीच होय.

टेन्शनर काय लपवतो?

साखळी लांबली तरी टेन्शनर सैलपणा भरून काढतो. मग बिघडते काय? मघाचेच आकडे पुन्हा घेऊ. प्रत्येक सांध्यात ०.०४ मिलिमीटर, म्हणजे अर्धा टक्का वाढ झाली असे समजू. कॅमशाफ्टला ओढणाऱ्या ताठ बाजूवर साधारण ४५ सांधे येतात. ही बाजू ४५ × ०.०४ = १.८ मिलिमीटरने लांबली. कॅमशाफ्टच्या चक्राचा परीघ ४० × ८ = ३२० मिलिमीटर. म्हणजे कॅमशाफ्ट सुमारे २ अंश मागे पडला. क्रँकशाफ्टच्या भाषेत हे ४ अंश झाले. झडप दर वेळी उशिरा उघडते आणि उशिरा मिटते.

टेन्शनर सैल बाजूला दाबतो. चूक ताठ बाजूला साठते. म्हणून टेन्शनर आवाज थांबवू शकतो, वेळ दुरुस्त करू शकत नाही. आधुनिक मोटारीत क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट या दोन्हींवर संवेदक असतात. त्यांचा मेळ बसेनासा झाला की संगणक पी-००१६ सारखा दोषांक नोंदवतो. त्याआधीचे लक्षण कानाला कळते. रात्रभर उभ्या मोटारीच्या टेन्शनरमधले तेल उतरते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर तेलाचा दाब येईपर्यंत दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते.

टेन्शनरची धाव संपली की साखळी एखादा दाता उडी मारू शकते. ४० दात्यांच्या चक्रावर एक दाता म्हणजे कॅमशाफ्टचे ९ अंश, क्रँकशाफ्टचे १८. आणखी दाते सुटले किंवा साखळी तुटली तर उघड्या झडपेवर दट्ट्या आदळतो. बहुतेक आधुनिक इंजिनांत त्या दोहोंत तेवढी जागाच नसते. झडपा वाकतात, कधी दट्ट्याही फुटतो. तेलाच्या खर्चात केलेली बचत येथे इंजिनाच्या किमतीत फेडावी लागते. हातातल्या एकाच वाहनावर पोट असणाऱ्याला हा व्यवहार फार महाग पडतो.

दुरुस्ती

खरी दुरुस्ती म्हणजे साखळीबरोबर दोन्ही चक्रे, गाइड आणि टेन्शनर हे सर्व बदलणे. जुनी चक्रे ठेवू नयेत, कारण त्यांचे दाते लांबलेल्या साखळीच्या मापाने झिजलेले असतात आणि ते नव्या साखळीला लवकर झिजवतात. साखळी उतरवण्यापूर्वी क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट ठरलेल्या स्थितीत विशेष हत्यारांनी जखडतात. नवी साखळी खुणा जुळवून बसवतात. मग इंजिन सुरू न करता क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात. दोनच का, हे विद्यार्थ्यांना विचारावे : क्रँकशाफ्टचे दोन फेरे म्हणजे कॅमशाफ्टचा एक, म्हणजेच एक संपूर्ण आवर्तन. कोठे अडथळा आला किंवा खुणा जुळल्या नाहीत, तर चूक हाताला कळते, झडप वाकून नव्हे.

तेलाची टाकी उघडून साफ करणेही आवश्यक असते. तुटलेल्या गाइडचे तुकडे तेल खेचणाऱ्या जाळीवर अडकले असतील, तर तेलाचा दाब कमी होतो. दाब कमी म्हणजे टेन्शनर दुबळा. टेन्शनर दुबळा म्हणजे नवी साखळीही गाइडवर आपटणार. हे दुष्टचक्र तोडले नाही तर नवा संचही जुन्याच वाटेने जातो. शेवटी योग्य प्रतीचे नवे तेल, नवा फिल्टर आणि पुढच्या बदलाची तारीख.

आता सायकलवाल्याने काढलेल्या त्या कडीचा अर्थ स्पष्ट होईल. कडी काढल्याने चेनची एकूण लांबी कमी होते; पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातली फट तशीच राहते. दात्यांशी तिचा मेळ बसत नाही तो नाहीच.

वर्गात करून पाहा

साहित्य : ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी, चिंधी, सायकली.

सायकलच्या चेनच्या लगतच्या दोन पिनांतले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. चेन पुसून घ्यावी. एका विद्यार्थ्याने मागचे चाक पक्के धरून पेडल किंचित दाबून ठेवावे, म्हणजे वरची बाजू ताठ राहील. बोटे चेन आणि चक्र यांच्यामध्ये जाऊ देऊ नयेत. पट्टीचे शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवून तिच्यापुढच्या विसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर भरते. २५६.५ मिलिमीटर भरले तर चेन एक टक्का लांबली आहे. ती बदलण्याच्या योग्यतेची झाली. एक टक्का म्हणजे दर सांध्यात सुमारे ०.१३ मिलिमीटर, साधारण एका जाड कागदाएवढी झीज. डोळ्यांना न दिसणारी ही झीज वीस सांध्यांच्या बेरजेमुळे साध्या पट्टीने मोजता येते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

स्टँडवरच्या वीस-पंचवीस सायकलींची अशी मापे वहीत नोंदवावी. सोबत चेन किती जुनी, तेल किती दिवसांनी घालतात, तेल घालण्यापूर्वी चेन पुसतात की नाही, आणि वाट डांबरी की चिखलाची, हेही लिहावे. जूनच्या अखेरीस आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर मोजमाप करून आलेख काढावा. मळक्या चेनवर नुसते तेल ओतणाऱ्यांची आणि पुसून तेल घालणाऱ्यांची झीज सारखीच भरते का, हे त्यावरून दिसेल. ज्या सायकलीची कडी काढलेली आहे तिचे माप मुद्दाम घ्यावे आणि सर्वांना दाखवावे. चेन घट्ट असूनही ती झिजलेली कशी, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितले की टायमिंग चेनचा धडा त्यांना समजला असे मानायला हरकत नाही.